मदत हवी आहे: आईचे रिसर्च पेपर दोन नावांवर आहेत, एच-इंडेक्स कोणता लिहू?

नमस्कार मंडळी,

माझी आई पुण्यातल्या एका संशोधन संस्थेतून २०११ साली निवृत्त झाली. लहान मुलांना जुलाब करणारा रोटाव्हायरस हा तिचा विषय. एका जीवनगौरव पुरस्कारासाठी जुन्या सहकाऱ्यांनी तिचं नाव सुचवलंय आणि अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलंय. मी बँकेत आहे, या क्षेत्रातलं मला काही कळत नाही. अर्जात तीनच रकाने आहेत: एकूण पेपर, एकूण सायटेशन, एच-इंडेक्स. तिथेच घोडं अडलंय.

आईचं लग्न १९८४ सालचं. आडनाव बदललं, आजोबांच्या नावाच्या जागी बाबांचं आलं, आणि ताटातल्या तांदळात लिहून पहिलं नावही बदललं. म्हणजे आधीचं एकही आद्याक्षर उरलं नाही. पीएचडीच्या काळातले ९ पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे ३८ सासरच्या. एका मोठ्या डेटाबेसमध्ये त्यामुळे त्या दोन वेगळ्या बायका आहेत, एकीचा एच-इंडेक्स ६ आणि दुसरीचा १३. आणखी एका ठिकाणी तर कुणा दंतवैद्यांचे पेपर आईच्या नावावर पडलेत, कारण आद्याक्षरं सारखी. ६ आणि १३ मिळून १९ लिहायचे का? की मोठा आकडा तेवढा?

मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि सहकाऱ्यांना हा विषाणू पहिल्यांदा दिसला १९७३ मध्ये. त्यानंतर दहा वर्षांच्या आत आई इथे दवाखान्यांतून मुलांच्या शौचाचे नमुने गोळा करत होती, लुनाच्या पुढ्यात बर्फाचा थर्मास ठेवून. सरकारी लसीकरणात रोटाव्हायरसची लस २०१६ पासून येऊ लागली, ती बातमी तिने दोनदा वाचून काढली होती. ते पहिले ९ पेपर वगळायला माझा हात धजत नाही.

अजून एक. माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात पोस्टकार्डं सापडली. तेव्हा परदेशातले शास्त्रज्ञ कार्ड पाठवून पेपरची छापील प्रत मागवत. ब्राझील, पोलंड, जपान, कुठून कुठून आलीत. अर्जात यांना काही किंमत आहे का? मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.

प्रतिसाद

ताई, मी ग्रंथालयात आहे, असे प्रश्न आमच्याकडे नेहमी येतात. विशेषतः बायकांच्या बाबतीत.

बेरीज अजिबात करू नका. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा एच-इंडेक्स मांडला. १३ म्हणजे किमान १३ पेपर असे, की प्रत्येकाचा संदर्भ किमान १३ वेळा दिला गेलाय. दोन्ही याद्या एकत्र करा, सायटेशनप्रमाणे (म्हणजे इतरांनी त्या पेपरचा संदर्भ किती वेळा दिला त्याप्रमाणे) उतरत्या क्रमाने लावा आणि वरून मोजत या. क्रमांक सायटेशनपेक्षा मोठा झाला की थांबा, त्याच्या आधीचा क्रमांक तुमचा.

यादी पबमेडवरून, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या मोफत ऑनलाइन सूचीवरून, दोन्ही नावांनी काढा. तिथे पूर्ण नावं २००२ नंतरच्याच पेपरना मिळतात, आधीचे फक्त आडनाव आणि आद्याक्षरं, म्हणून एकेक पेपर आईंना दाखवूनच घ्या. त्यांचा ऑर्किड क्रमांकही काढा, म्हणजे नाव बदललं तरी संशोधकाची ओळख पटवणारा क्रमांक. १६ अंकी असतो, फुकट आहे, साध्या जीमेलवर होतं आणि त्यात माहेरचं नावही नोंदवता येतं. स्कोपस या पेपर-सायटेशनच्या डेटाबेसला दोन प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती ऑनलाइन करता येते, पण मुदतीत होईल याच्या भरवशावर राहू नका.

गूगल स्कॉलरचा आकडा बहुतेक वेळा मोठा दिसतो, कारण तिथे प्रबंध, पुस्तकं, प्रीप्रिंटही (जर्नलमध्ये छापून येण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) मोजले जातात. कुठलाही घ्या, पण एकच घ्या, आणि शेजारी स्रोत व तारीख लिहा. आयसाइट नावाचं अमेरिकेच्या एनआयएचचं (तिथली सरकारी आरोग्य संशोधन संस्था) मोफत साधनही बघा. पेपरची तुलना ते त्याच विषयातल्या, त्याच काळातल्या पेपरशी करतं, त्यामुळे जुन्या कामावर अन्याय कमी होतो.

कार्डं जरूर जोडा. सॅन फ्रान्सिस्कोचा २०१२ चा डोरा जाहीरनामा हेच सांगतो, की शास्त्रज्ञाचं मोल नुसत्या आकड्यांवर ठरवू नये. वेगळं पान लावा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार! काल रात्री आईबरोबर एक्सेलमध्ये ४७ पेपर लावले. एच-इंडेक्स १४ आला. दंतवैद्यांचे तिने पहिल्या नजरेत काढले. एका पेपरपाशी मात्र बराच वेळ थांबली. तो तिच्या गाइडबरोबरचा पहिला.

आता शेवटचा प्रश्न. बऱ्याच कार्डांवरची तिकिटं लहानपणी मी माझ्या वहीसाठी कापून घेतली होती, त्याबरोबर शिक्का आणि तारीखही गेली. वही अजून आहे. तिकिटं कार्डांशी जुळवून परत चिकटवू, की कार्डं आहेत तशीच स्कॅन करू?