वृद्धाश्रमाची तपासणी : न सांगता जायचं, की आहे ते पण बंद पाडायचं?

टिळकवाडी_तिसरं_गेट
मंडळी जरा लांब होणार आहे, सांभाळून घ्या. माझी आत्या गेलं दीड वर्ष बेळगावच्या थोडं बाहेर एका वृद्धाश्रमात होती. नाव विचारू नका, तिच्या ओळखीच्या चार म्हाताऱ्या अजून तिथंच आहेत आणि माझ्यामुळं त्यांना कुणी घालूनपाडून बोललेलं मला नको. महिन्याला १४ हजार. आम्ही दर रविवारी चारला जायचो. सगळं चकाचक, चहा-बिस्कीट, आत्याची वेणी घातलेली, अंगाला पावडरचा वास. एका मंगळवारी हिंडलग्याकडं काम निघालं म्हणून येताना साडेसातला न सांगता गेलो तर गेटला बाहेरनं साखळी आणि कुलूप, आत २२ माणसं आणि एकच पोरगी, जेवणं सहालाच उरकलेली, लाइट बंद. आत्या जागीच होती. ओठ वाळलेले. म्हणाली, पाणी दे बाळा, पाचनंतर देत नाहीत, रात्री उठावं लागतंय म्हणून. तांब्या खिडकीत, हात पोचणार नाही असा ठेवलेला. पाय उचलून बघितला तर टाचेला काळा डाग, मला वाटलं मळ असेल. मळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी घरी आणलं. नंतर तक्रार करायला गेलो तर तीन टेबलं फिरवून शेवटी एकानं विचारलं, तुम्ही पैसे देऊन ठेवलाय ना, मग बदला की आश्रम.

माझं म्हणणं एवढंच. रिक्षाला पासिंग लागतंय, खानावळीला फूडचं लायसन्स लागतंय, मग २२ म्हातारी माणसं कुलपात ठेवणाऱ्याला वर्षातनं दोनदा तरी कुणी न सांगता, आणि रात्री, येऊन बघायला नको? आणि काय बघितलं ते गेटवर चिकटवायचं. बोला.

शहापूरचा_अण्णा
तुमच्या आत्यांचं वाचून वाईट वाटलं भाऊ, खरंच. पण दुसरी बाजू पण ऐका. मी एका लहान आश्रमाच्या ट्रस्टवर आहे. १८ जण आहेत, त्यातले ७ पोलिसांनी बसस्टँडवरनं आणून सोडलेले, त्यांच्याकडनं एक पैसा येत नाही. तांदूळ कुणीतरी देतंय, वाढदिवसाला कुणीतरी जेवण घालतंय, असं चाललंय. आता तुमचा इन्स्पेक्टर येणार, म्हणणार रॅम्प कुठाय, फायरचं सर्टिफिकेट कुठाय, माणशी एवढे चौरस फूट का नाहीत. खरं आहे, नाहीत. मग काय, सील ठोकणार? त्या सात जणांना तुमच्या घरी नेऊन ठेवू? आणि तपासणी आली की पाकीट आलं हे काय मी नव्यानं सांगायला पाहिजे होय. ज्याच्याकडं १४ हजार घेणारे २२ आहेत तो पाकीट देऊन मोकळा होणार, मरणार आमच्यासारखा.

सिस्टर_वडगाव
अण्णा, रॅम्प आणि चौरस फूट सोडा हो. मी २२ वर्षं वॉर्डात काढलोय, आता घरोघरी जाऊन पेशंट बघतो. आश्रम चांगला की वाईट ते रजिस्टर न उघडता दहा मिनिटांत कळतंय. टाच बघायची, माकडहाड बघायचं, कोपर बघायचं. लाल दिसलं तर बोट दाबून सोडायचं, पांढरं होऊन परत लाल झालं तर वेळ आहे, तसंच लाल राहिलं तर पडून राहून होणाऱ्या जखमेची सुरवात झाली. सावळ्या कातडीवर ते नीट दिसत नाही, तिथं हातानं बघायचं, गरम लागतंय की गार, कडक की भुसभुशीत. अंथरुणाला खिळलेल्याला साधारण दोन तासाला कूस बदलायला लागते, टाचेखाली उशी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. याला काय खर्च येतोय? माणूस पाहिजे, बस्स.

आणि पाणी तोडणं हे तर फार वाईट. पाणी कमी पडलं की लघवीला इन्फेक्शन, मग भ्रमिष्टासारखं बरळणं, मग सगळे म्हणतात म्हातारी वेडी झाली आणि झोपेची गोळी चालू. टिळकवाडी भाऊ, टाचेची काळी खपली घरात सोलू नका, शुगर असेल तर अजिबातच नको, सर्जनला दाखवा.

निपाणीकर_७
माझी मावसबहीण इंग्लंडात लेस्टरला केअर होममध्ये कामाला आहे. तिथं सीक्यूसी म्हणून असली ठिकाणं तपासणारी सरकारी यंत्रणा आहे, २००९ पासून. पाच प्रश्न ठरलेले, सुरक्षित आहे का, उपयोगी पडतंय का, मायेनं करतात का, माणसाची गरज ओळखतात का, कारभार नीट आहे का. त्यावर चार ग्रेड, आउटस्टँडिंग, गुड, सुधारणा पाहिजे, आणि शेवटचं नापास. ती ग्रेड दर्शनी भागात लावायलाच लागते. बहुतेक वेळा न सांगताच येतात. आपल्याकडं का नाही होणार हे?

कचेरीबाहेरचा
होणार नाही, कारण कायद्यातच घोळ आहे. मी प्रांत ऑफिसबाहेर अर्ज टाइप करून देतो, रोज हेच बघतोय. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. त्यात कलम १९ आहे, जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम, निदान १५० गरीब वृद्धांची सोय. पण शब्द कसा आहे, सरकार काढू शकेल. काढलंच पाहिजे असं नाही. दर्जा ठरवायचं पण त्याच कलमात आहे, पण तो या सरकारी सोयीच्या आश्रमांसाठी. खाजगी आश्रम, घरी बाई पाठवणाऱ्या एजन्स्या, यांची नोंदणी आणि किमान दर्जा हे सगळं २०१९ च्या डिसेंबरात दुरुस्ती विधेयक आणलं त्यात होतं. ते लोकसभेत पडून राहिलं आणि २०२४ ला लोकसभाच संपली तसं ते पण संपलं. दवाखान्याला केपीएमई, म्हणजे कर्नाटकातला खाजगी दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा आहे, बोर्डवर नंबर लावायला लागतो. आश्रमानं "आम्ही दवाखाना नव्हे, आम्ही सेवा करतोय" म्हटलं की सुटला.

लोक माझ्याकडं येतात ते पोटगीसाठी (महिन्याला जास्तीत जास्त १० हजार, तो आकडा पण २००७ चाच), नाहीतर पोराच्या नावावर केलेलं घर परत मिळवायला कलम २३ खाली. आश्रमाविरुद्ध अर्ज टाइप केल्याचं मला आठवत नाही. कोण करणार? आत असलेला बाहेर येऊ शकत नाही आणि बाहेर असलेल्याला परत घरी न्यायची भीती.

शहापूरचा_अण्णा
@निपाणीकर इंग्लंडचं कौतुक पुरे. त्याच सीक्यूसीची २०२४ मध्ये त्यांच्याच सरकारनं समीक्षा करून घेतली, त्यात निघालं की पाचातल्या एका ठिकाणाला कधी रेटिंगच मिळालेलं नाही, आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षं कुणी फिरकलेलं नाही. त्यांच्या आरोग्यमंत्र्यानं जाहीर सांगितलं की ही यंत्रणा कामाची राहिलेली नाही. गेटवर "गुड" चिकटवलेलं आणि ते सहा वर्षापूर्वीचं, तर काय उपयोग? उलट माणूस त्या कागदावर भरवसा ठेवून रविवारी पण यायचा बंद होतो.

टिळकवाडी_तिसरं_गेट
अण्णा हे बरोबर पकडलासा. पण पाचातल्या चारांना मिळालं होतं ना? आपल्याकडं पाचातल्या किती जणांना मिळालंय?

अथणी_बॉय
एक मुद्दा राहिला, भाषेचा. सीमाप्रश्न काढत नाही, आधीच सांगतो. माझ्या आईची उलटी कथा. आई कन्नड, लग्न मराठी घरात, ५० वर्षं मराठी बोलली. विसरायचा आजार लागला आणि मराठी गेलीच, राहिली फक्त माहेरची कन्नड. आम्ही मिरजेकडच्या आश्रमात ठेवलो, तिथल्या बायकांना कन्नडचा गंध नाही. ती "नीरू, नीरू" म्हणून पाणी मागायची, त्यांना वाटायचं कुणा नीरूला हाक मारतेय. दोन महिने! बेळगाव, खानापुरात हेच मराठी म्हाताऱ्यांचं होणार. साहेब येणार, कन्नडमधला फॉर्म काढणार, मालकासमोर विचारणार "ऊटा आयता?" (जेवण झालं का), आजी मान हलवणार, झाली तपासणी. माणसाला त्याच्या भाषेत आणि एकट्याला विचारलं पाहिजे, एवढा एक नियम केला तरी बाकीचे निम्मे नियम नको.

निपाणीकर_७
नीरूचं वाचून हसू आलं आणि मग लाज वाटली राव.

गल्लीतला_शाणा
सगळे मूळ सोडून बोलताय. आश्रम तपासण्याआधी ठेवणाऱ्या पोरांना तपासा. घरात चार खोल्या आणि आत्या आश्रमात.

टिळकवाडी_तिसरं_गेट
माझ्याकडं दोन खोल्या आहेत आणि बायको पण कामाला जाते. आत्याला मूलबाळ नाही. तुमच्याकडं चार असतील तर सांगा.

सिस्टर_वडगाव
शाणा भाऊ, घरात टाच काळी झालेले पेशंट मी आश्रमापेक्षा जास्त बघितलोय. घरी कोण तपासतंय?

मावशीची_लेक
माझी आई असल्याच एका ठिकाणी रात्रपाळीला आहे. तिला टाइप येत नाही, हे सगळं तिला वाचून दाखवलं, ती सांगते तसं लिहितेय. "रात्री आठ ते सकाळी आठ मी एकटी. १९ जण. सात हजार पगार. त्यातली पाच माणसं दोघींनी धरल्याशिवाय उठत नाहीत. मागच्या पावसाळ्यात एका आज्जीला एकटीच बाथरूमला नेलो, दोघी पडलो, तिचं खुब्याचं हाड मोडलं, माझा पगार कापला. त्यानंतर मालक म्हणाले रात्री पाणी कमी द्या. पाणी तोडणं पाप हाय, मला कळतंय, मी लपवून देतो. पण ज्यांना तपासायला यायचं हाय त्यांनी भांडी आणि फरशी बघू नका, रात्री किती बायका हायत ते मोजा. एक जोडीदारीण द्या मला, मग कधी पण या, दोन वाजता या."

टिळकवाडी_तिसरं_गेट
मावशींना नमस्कार सांगा. मी त्या पोरीवर त्या रात्री खूप ओरडलो होतो. ती रडत होती. मला वाटलं चोरी पकडली म्हणून रडतेय.

कचेरीबाहेरचा
ज्यांना लागेल त्यांच्यासाठी, एल्डरलाइन म्हणून ज्येष्ठांसाठी मदतीचा फोन आहे, १४५६७, फुकट लागतो. पण सकाळी आठ ते रात्री आठ. मावशींची ड्युटी जिथं सुरू होते तिथं हा नंबर संपतो, हा योगायोगच म्हणायचा.

अथणी_बॉय
आणि तपासणीची तारीख आधी कळवली तर सगळं मातीत. डिसेंबरात बेळगावला कर्नाटक विधिमंडळाच्या अधिवेशनाला मंत्री यायचे असले की हलग्याकडचा रस्ता रातोरात डांबरी होतोय, दिवे लागतात, कुत्री पण गायब. तसलंच होणार.

शहापूरचा_अण्णा
बरं, मी थोडं मागं येतो. थोडंच. सील करायचा अधिकार नको, दंड नको, निदान पहिली दोन-तीन वर्षं. येऊन बघा, काय कमी आहे ते लिहा आणि ती यादी आमच्या हातात द्या, म्हणजे आम्ही ती दाखवून देणगी तरी मागू. वाढदिवसाला सगळे गोड जेवण घालतात, रात्रीच्या बाईचा पगार कुणी देत नाही. यादीत सरकारी शिक्क्यानं लिहून आलं की "रात्री दुसरी बाई नाही" तर कुणी तरी देईल. पण साहेबच पाठवणार असाल तर माझा विरोध आहे तो आहेच. त्यापेक्षा सिस्टरांसारखी रिटायर माणसं पाठवा.

सिस्टर_वडगाव
मी येतो की. पण नुसती यादी देऊन भागणार नाही अण्णा, तिसऱ्या वेळेला पण तेच दिसलं तर कुणाला तरी अधिकार पाहिजेच. नाहीतर वॉर्डात पण आम्ही वर्षानुवर्षं याद्याच करत होतो.

शहापूरचा_अण्णा
ते तिसऱ्या वेळेचं आपण नंतर भांडू. टिळकवाडी भाऊ, तुम्ही तरी या आमच्याकडं, न सांगता. कधी पण.

टिळकवाडी_तिसरं_गेट
येतो. वार सांगणार नाही.

शहापूरचा_अण्णा
नका सांगू. फक्त संध्याकाळी आला तर जपून चाला, सातला फरशी पुसतात, ओली असते.

सिस्टर_वडगाव
सातला? म्हाताऱ्या जेवून बाथरूमला जायच्या टायमाला? अण्णा, लिहून घ्या, तुमच्या यादीतलं एक नंबर.