लेटेक्स गादीचे लेअर: नवरा ८८ किलो, मी ५२, सॉफ्ट कुठे आणि फर्म कुठे?

गौरी_डोंबिवली
नमस्कार मंडळी, आमची काथ्याची गादी मधोमध दबलीये, सकाळी उठलं की दोघांचीही कंबर धरलेली असते, म्हणून आता नॅचरल लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम) घ्यायचं ठरवलंय, ते झिपच्या कव्हरमध्ये सुटे लेअर येतात ना, तसं. तीन-तीन इंचाचे दोन लेअर, ७८ बाय ७२. मी कुशीवर झोपते, खांदा आखडतो. मिस्टर पाठीवरच झोपतात, त्यांना एल४-एल५ चा, म्हणजे कमरेतल्या खालच्या मणक्यांचा त्रास आहे. दुकानदार म्हणतो कंबरदुखी आहे ना मग दोन्ही लेअर ९५ डेन्सिटीचेच (घनमीटरला ९५ किलो, आकडा जास्त तेवढं कडक) घ्या, एकदम कडक. सासूबाई म्हणतात जमिनीवर सतरंजी टाका. काय करू?

मणका_सरळ
दोन्ही ९५ अजिबात घेऊ नका, निदान तुमच्या बाजूला तरी नाही. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा गादीत जरा रुतायलाच हवा, नाहीतर सगळा भार त्या दोन जागांवर येतो आणि कंबर मध्ये आधाराविना अधांतरी राहते. पाठदुखीला जेवढं कडक तेवढं चांगलं हे आपल्याकडे घराघरात सांगतात पण २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनचा एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना ९० दिवस कडक किंवा मध्यम-कडक गादीवर झोपवलं, त्यात मध्यम-कडकवाल्यांना जास्त आराम पडला. मिस्टरांच्या पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मात्र आधी ऑर्थोला दाखवा, ते गादीचं काम नाही.

काका_कोथरूड
तुमचा पलंग ७२ रुंद आहे ना, मग ३६-३६ चे दोन भाग करून मागा, वरचा लेअर आणि खालचा लेअर दोन्ही. मिस्टरांकडे खाली ९०, वर ८०. तुमच्याकडे खाली ८०, वर ६५. जाडी सारखीच राहते त्यामुळे वर-खाली होत नाही, मधला जोड कव्हर घट्ट असलं की फारसा जाणवत नाही. आणि सुट्या लेअरचा खरा फायदा हाच की पटलं नाही तर झिप उघडून वरचा खाली, खालचा वर करून बघता येतं, पण दोन-तीन आठवडे तरी झोपून मगच बदला, शरीराला सवय लागायला वेळ लागतो.
चेक करायचं असेल तर तुम्ही कुशीवर झोपा आणि मिस्टरांना पाठीमागून मोबाईलवर फोटो काढायला सांगा. मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. कंबर खाली झोळीसारखी गेली तर सॉफ्ट झालं, खांदा वर उचलला गेला तर कडक. मिस्टरांसाठी, पाठीवर झोपल्यावर कंबरेखाली तळहात घालून बघा. आरपार सहज गेला तर आधार कमी पडतोय.

गौरी_डोंबिवली
काका खूप खूप आभार, हे दुकानात कोणी सांगितलंच नाही! लेटेक्स डनलॉप पद्धतीचं घ्यायचं की टॅलाले, तेही सांगा ना प्लीज. आणि बेड प्लायचा स्टोरेजवाला आहे, चालेल का?

रबरवाला_कोट्टयम
मी मूळचा सांगलीचा, इथे रबराच्या कामात आहे. डनलॉप पद्धतीत चिकाचा फेस करून साच्यात ओतून भाजतात, जड कण खाली बसतात म्हणून लेअरची एक बाजू किंचित टणक असते. टॅलालेत साचा थोडाच भरून व्हॅक्यूमने फेस फुगवतात आणि गोठवतात, ते जास्त मऊ आणि एकसारखं असतं पण महाग. तुम्हाला डनलॉप पुरे. घेताना झिप उघडायला लावाच, वर एक इंच लेटेक्स आणि खाली साधा फोम असा माल सर्रास लेटेक्स म्हणून विकतात. ७८ बाय ७२ सहा इंची खरं लेटेक्स चाळीस-पंचेचाळीस किलो भरतं, हलकं लागलं तर संशय घ्या. घरात कोणाला रबराची ॲलर्जी असेल तर हा विषयच सोडा.
प्लायला ड्रिलने भोकं पाडून घ्या, नाहीतर पावसाळ्यात खालून बुरशी धरेल, महिन्यातून एकदा गादी उभी करून पंख्याखाली ठेवा. आणि कापसाच्या गादीसारखी गच्चीवर उन्हात टाकू नका, उन्हाने रबर पिवळं पडून भुगा होतो, हे सासूबाईंनाही आत्ताच सांगून ठेवा.