मेळघाटातले पालक ‘हो’ म्हणतात, पण येत नाहीत: नकार ओळखायचा कसा?

प्रश्न (समुदाय आरोग्य अधिकारी, धारणी तालुका)

मी मूळची अकोला जिल्ह्यातली असून सध्या धारणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात काम करते. माझ्याकडची बहुतेक गावे आणि ढाणे (छोट्या वस्त्या) कोरकू आदिवासींची आहेत. ज्या बाळाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरतो (ही तीव्र कुपोषणाची खूण) आणि ज्याला सोबत ताप, सूज किंवा अन्नावरची वासना उडाल्याची तक्रार असते, त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे, असे मी आईवडिलांना समजावून सांगते. ते शांतपणे ऐकतात, ‘हो मॅडम, येतो’ म्हणतात, आणि ठरलेल्या दिवशी गाडी दारात जाऊन उभी राहते तेव्हा घराला कडी असते.

त्यांनी वाद घातला असता तर निदान हरकत कळली असती. प्रशिक्षणात आम्हाला समुपदेशनाच्या पायऱ्या शिकवल्या होत्या, परंतु समोरचा माणूस नकारच देत नसेल तर पुढे काय करायचे, हे त्यात कुठे नव्हते. ‘हे लोक असेच आहेत’ असे काही सहकारी म्हणतात. ते मला पटत नाही, कारण हीच कुटुंबे लसीकरणाला वेळेवर येतात. मुलाला आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक वैदूकडे, नेले जाते, हेही मला ठाऊक आहे. या लोकांचा नकार ओळखायचा कसा, आणि भूमकाच्या बाबतीत कोणती भूमिका घ्यायची, याविषयी या भागात राहिलेल्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त शिक्षक, चिखलदरा

ताई, आपण हे बोलणे कोणत्या भाषेत करता ते लिहिलेले नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हावी. कोरकू ही मुंडा गटातली भाषा आहे. तिचे नाते संताळी आणि मुंडारीशी आहे, मराठीशी नाही आणि गोंडीशीही नाही. धारणीला मध्य प्रदेशाची सीमा लागून असल्यामुळे बाजारात हिंदी चालते. मराठी ही शाळेची आणि कचेरीची भाषा. त्यामुळे शाळा न पाहिलेल्या आईला अकोल्याच्या वळणाची मराठी कितपत उमगत असेल, याची मला शंका आहे. पहिलीच्या वर्गात ‘समजले का?’ असे विचारले की सगळी मुले ‘हो’ म्हणत, आणि ‘मी काय सांगितले ते सांगा’ म्हटले की सगळी खाली पाहत. मोठ्या माणसाच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे त्यांना उद्धटपणाचे वाटे. (हे काही कोरकूंपुरते नाही. आपल्या वऱ्हाडातली सून तरी सासऱ्याला तोंडावर ‘नाही’ कुठे म्हणते?)

म्हणून ज्याचे उत्तर नुसत्या होकाराने देता येईल, असा प्रश्न शक्यतो विचारूच नये. ‘मंगळवारी याल का?’ याऐवजी ‘मंगळवारी घरी कोण राहील, बकऱ्या कोण पाहील, धाकटीला कुठे ठेवाल?’ असे विचारावे. उत्तरे भराभर आली तर निघण्याची तयारी आहे असे समजावे. नवरा-बायको एकमेकांकडे पाहू लागले, किंवा ‘बुढ्याला विचारून सांगतो’ असे म्हणाले, तर तो निदान अर्धा नकार आहे असे धरावे आणि त्या बुढ्याकडे जाऊन बसावे. आपली आशा कार्यकर्ती कोरकू असेल तर तिला नुसते दुभाषाचे काम देऊ नये. बोलणे तिलाच करू द्यावे आणि आपण शेजारी ऐकत बसावे. काही महिन्यांत आपल्यालाही बरेच कळू लागेल.

ग्रामसभांबरोबर काम करणारा, धानोरा तालुका, गडचिरोली

माझा अनुभव गोंड गावांचा आहे; तो कोरकूंना जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही. आमच्या तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात, हे बहुतेकांनी ऐकले असेल. त्याआधी तिथे अभ्यासगट बसतो, आणि त्यात विषयाची फक्त चर्चा होते, निर्णय होत नाही, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ज्या गावाला विचार करायला अशी वेगळी बैठक लागते, तिथे सकाळी येऊन दुपारपर्यंत उत्तर मागणाऱ्या अधिकाऱ्याला मिळणारा होकार पाहुण्याचा मान राखण्यापुरता असतो. आपण पहिल्या भेटीत उत्तर मागूच नका; फक्त माहिती द्या आणि दुसऱ्यांदा कधी येणार ते सांगून निघा.

दुसरे उदाहरण आमच्याच जिल्ह्यातल्या शोधग्रामचे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी तिथला दवाखाना लोकांना विचारून उभारला. मोठ्या इमारतीची भीती वाटते आणि रुग्णासोबत आलेल्यांना राहायला जागा नसते, असे लोकांनी सांगितल्यावर तो आदिवासी गावासारखा, झोपड्या-झोपड्यांचा बांधला गेला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. आपल्या केंद्रात बाळाच्या आजीला रात्री टेकायला जागा आहे का?

कोरकू, धारणी तालुका

गुरुजींचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु आमच्या संस्कृतीविषयी इतके बोलले जाते की त्याखाली साध्या गोष्टी झाकून जातात. केंद्रात साधारण १४ दिवस राहावे लागते. तितके दिवस आईची मजुरी बुडते. बुडीत मजुरी मिळते हे खरे, पण ती मिळणार असल्याचे आधी किती जणींना सांगितले जाते, आणि ती हातात केव्हा पडते? दिवाळीनंतर आमच्यातली अनेक घरे कापूस वेचायला, संत्रा तोडायला किंवा वीटभट्टीवर खाली उतरतात आणि होळीला परततात. ज्या घरांना आपल्याला कडी दिसली, त्यांतली काही आपल्याला टाळत नसून कामाला गेलेली असतील. होळी हा आमचा सर्वांत मोठा सण आहे. त्या आठवड्यात कोणी दाखल व्हायला येणार नाही, आणि तो उपचाराला नकार आहे असे समजू नये.

आता भूमकाविषयी. बाळाच्या पोटावर तापल्या सळईने डाग देणे, ज्याला डंबा म्हणतात, घातक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याने जखम चिघळते आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो. मात्र डाग दिसताच बाहेरून आलेली व्यक्ती प्रथम आईवर रागावते, आणि पुढच्या वेळी ती आई बाळाचे पोट झाकून ठेवते किंवा बाळच दाखवत नाही. तेव्हा आधी बाळाला तपासावे. डंब्याचा विषय बाळ बरे होऊन घरी परतल्यावर काढावा, कारण तेव्हा घरातले सगळेच ऐकण्याच्या मनःस्थितीत असतात. भूमकाला त्याच्या घरी, आजारी माणूस समोर नसताना भेटावे आणि कोणते बाळ आपल्या हातचे नाही असे त्याला वाटते, ते विचारावे. तो स्वतःहून काही मुले दवाखान्यात पाठवत असेल, तर त्या मुलांचे पुढे काय झाले हे त्याला आवर्जून कळवावे. एरवी ते त्याला कोणी कळवत नाही.

पुनर्वसित गावांत काम करणारा, अकोट तालुका

एक व्यवहाराची सूचना. बोलणे चालू असताना संमतीपत्र किंवा रजिस्टर बाहेर काढू नये. व्याघ्र प्रकल्पातून इकडे आलेल्या गावांत लोकांनी इतक्या कागदांवर अंगठे दिले आहेत की कागद दिसताच ते गप्प होतात. मोबाइलवर फोटो काढण्याचेही तेच.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. बुडीत मजुरीची रक्कम आणि ती मिळण्याची पद्धत यापुढे पहिल्याच भेटीत सांगेन, आणि कोणत्या मातांचे बँक खाते बंद आहे ते आशाताईंकडून आधीच पाहून घेईन. धारणीच्या दादांना एकच विचारायचे आहे: होळीनंतर परतलेली कुटुंबे घरी केव्हा सापडतील?

कोरकू, धारणी तालुका

ताई, मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. पहाटेपासून सगळे घर फुले वेचायला जंगलात असते, त्यामुळे सकाळची गाडी रिकामीच परत जाईल. दुपारी बायका अंगणात मोह वाळवत असतात, त्या वेळी आईशी निवांत बोलता येईल. बाळाचे वडील आणि आजोबाही हवे असतील तर संध्याकाळी जेवणाच्या आधी यावे, आणि आल्याबरोबर विषय काढू नये.