सकाळी चालतं, दुपारी शॉर्ट होतं: हाताने केलेल्या सांध्याचं काय चुकतंय?

बार्शीकर:
नमस्कार मंडळी. आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात फिटर होते, म्हणून बार्शी लाइट रेल्वे या जुन्या नॅरोगेज लाइनचं एक छोटं मॉडेल स्टेशन करायला घेतलंय. मूळ गेज (दोन रुळांमधलं अंतर) 762 मिमी. मॉडेल 1:87 प्रमाणात. 87 ने भागलं की पावणेनऊ येतं, म्हणून 9 मिमीचा ट्रॅक. सगळा हातानेच केला. बुधवार पेठेतून आणलेला एकतर्फी कॉपर क्लॅड बोर्ड (एका बाजूला तांब्याचा पातळ थर असलेला) कापून स्लीपर, त्यावर कोड 55 चे (0.055 इंच उंचीचे) निकेल सिल्व्हरचे रूळ सोल्डर केले.

अडचण सांध्याची, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते त्या जागेची. सकाळी इंजिन दोन्हीकडे झुळझुळ जातं. दुपारी दोननंतर सांधा लूपकडे (बाजूच्या लाइनकडे) वळवला की कंट्रोलरचा शॉर्टचा लाल दिवा लागतो. मेन लाइनला लावला की पुन्हा ठीक. दोन्ही पाती (सांध्याचे हलणारे रूळ) फ्रॉगला (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याला) जोडलेली आहेत आणि फ्रॉगचा करंट मायक्रोस्विचमधून बदलतो. चार रात्री यातच गेल्या.

सांधेवाला:
आधी स्लीपर बघा. प्रत्येकावरचं तांबं खरवडून तोडलंय ना? फ्रॉगखालच्या स्लीपरना मधोमध एक खाच पुरत नाही, फ्रॉगच्या दोन्ही अंगांना हवी. कंट्रोलरच्या वायरी सोडवा, मल्टिमीटर बीपवर ठेवा (जोड असला की वाजतो) आणि फ्रॉग ते दोन्ही बाहेरचे रूळ तपासा. सोल्डरचा केसाएवढा धागाही खाचेवर पूल बांधतो.

बार्शीकर:
दादा, आज सकाळी 23 च्या 23 स्लीपर तपासले. स्विच आणि पाती दोन्ही मध्यावर धरून बघितलं, कुठेच बीप नाही.

नॅरोगेज मिरज:
सकाळी तपासून कसं सापडेल? बिघडतं त्या वेळी तपासा. मेन लाइनला लावल्यावर शॉर्ट होत नाही, म्हणजे लूपकडे वळवताना फ्रॉग मेन लाइनच्याच रुळाला चिकटलेला राहतोय. फ्रॉगपुढे करंट तोडायला त्या रुळाला दिलेला काप केवढा आहे? सोनाराच्या बारीक करवतीचा असेल तर 0.2 मिमी. निकेल सिल्व्हरचा एक मीटर रूळ 15 अंशांनी तापला की पाव मिलिमीटर वाढतो. खोलीवर पत्रे आहेत का?

बार्शीकर:
पत्रेच आहेत. फ्रॉगपुढचा रूळ सव्वा मीटर एकसंध आहे, पलीकडचं टोक बफरला (लाइनच्या शेवटच्या अडथळ्याला) टेकलेलं. शिवाय स्लीपर अजून टाचण्यांवरच आहेत, खडी टाकलेली नाही.

नॅरोगेज मिरज:
मग तो वाढणार तो तुमच्या कापाकडेच. बफरकडे अर्धा मिलिमीटर मोकळा सोडा. फ्रॉगकडचा काप रुंद करून त्यात 0.5 मिमी प्लॅस्टिकचा तुकडा अॅरल्डाइटने बसवा आणि वाळल्यावर रुळाच्या आकारात घासा. लूपकडच्या कापालाही हेच करा, तो उद्या तसाच त्रास देईल. रिकामा काप कधीच ठेवू नका.

बार्शीकर:
काल अडीच वाजता भिंग लावून बघितलं. सकाळी ज्यातून उजेड दिसतो तो काप पूर्ण मिटला होता, रुळाच्या माथ्यावर नुसती काळी रेघ. मल्टिमीटर लावताच बीप!

दोन्हीकडे प्लॅस्टिक बसवलं, रात्रभर वाळू दिलं, आज आजोबांच्या पेटीतल्या बारीक कानशीने घासलं. बोट फिरवलं तर जोड लागत नाही. दुपारी तीन वाजता लूपमधून सहा फेऱ्या, लाल दिवा एकदाही नाही. दोघांचेही मनापासून आभार. आठवडाभर रोज दुपारी चालवून बघतो, मग खडी टाकतो.