मदत हवी आहे : चंद्रतालला मनालीहून जावे की काझाहून?

यंदा चवथ आटोपल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धात, हिमाचल प्रदेशातील चंद्रताल पाहण्याचा आमचा बेत असून सोबत साठी ओलांडलेल्या सासूबाईही येणार आहेत. मडगावहून चंदीगडपर्यंत थेट रेल्वे आहे. पेच त्यापुढचा आहे. मनालीहून अटल बोगदा, ग्राम्फू आणि बातल या मार्गाने एका दिवसात तलाव गाठता येतो, परंतु ज्यांचे सारे आयुष्य फोंड्यात गेले (स्वेटर घालण्याचा प्रसंगही विरळाच), त्यांनी सुमारे २,००० मीटरवरून एकदम ४,२५० मीटरच्या आसपास जाऊन रात्रीचा मुक्कामही तिथेच करावा, हे मला धोक्याचे वाटते. उलट शिमला, किन्नौर आणि काझा असे टप्प्याटप्प्याने चढत जाऊन कुंझुम खिंड ओलांडल्यास शरीराला विरळ हवेची सवय होते, मात्र दिवस बरेच वाढतात. माझा कल याच मार्गाकडे आहे.

ज्येष्ठांना घेऊन तिथे गेलेल्यांनी कृपया सांगावे, की ग्राम्फू ते बातल हा खडबडीत रस्ता त्यांना कितपत सोसला आणि वाहनतळापासून काठापर्यंतची चाल त्यांना झेपली का? काठावर तंबूंना मनाई असल्याने अलीकडच्या छावण्यांतच राहावे लागेल. तेथील रात्रीच्या थंडीत ज्येष्ठांची व्यवस्था नीट होते का, की तलाव पाहून त्याच दिवशी खाली उतरणे बरे?