मदत हवी आहे: चोरबाजारातून घेतलेला लोखंडी रंधा पावसाआधी चालता करायचाय

काळाचौकी:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलाय, पण निम्मं सांगून निम्मं गाळलं तर उत्तरंही तशीच येतील, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या खोलीचं दार सागवानी आहे, चाळीच्याच वयाचं. जुलै लागला की फुगतं आणि चौकटीत असं घट्ट बसतं की खांदा लावल्याशिवाय हलत नाही. दिवसभर घरात आई एकटी असते, वय ७४. गेल्या श्रावणात आतून दार ओढताना तिचा हात सटकला आणि ती मागच्या मागे पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती दार नुसतं लोटून ठेवते, कडी लावत नाही. दोन सुतार बघून गेले. दोघांचं म्हणणं एकच: हे काढा, फ्लश डोअर बसवा. मला हे दार काढायचं नाही. लाकूड ठणठणीत आहे. बिजागरीच्या समोरची कड जेमतेम अर्धं सूत (इंचाचा सोळावा भाग) तासली की काम होईल.

म्हणून रंधा आपणच घ्यायचा ठरवलं. गेल्या शुक्रवारी रजा टाकली, कॉटन ग्रीनहून हार्बरने सँडहर्स्ट रोडला उतरले आणि सातच्या आत चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटला पोचले. शुक्रवारी तिथली पक्की दुकानं बंद असतात आणि रस्त्यावर जुना बाजार मांडतात. ताडपत्रीवर मिक्सरची भांडी, नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी असा ढीग होता, आणि त्यात पालथा पडलेला हा रंधा. ओढणीने पुसला तर बिडावर (ओतीव लोखंडावर) उठावाची अक्षरं दिसली: ‘बेली’, ‘नं. ५’, पुढे ‘मेड इन इंग्लंड’. पंधराशेपासून सुरुवात झाली. भवानीची वेळ होती, साडेसहाशेला मिळाला. लांबी १४ इंच, पातं २ इंच रुंद, आणि पात्याची लांबी अजून भरपूर शिल्लक आहे. पातं संपत आलेलं असेल तर घेऊ नकोस, एवढं एका सहकाऱ्याने बजावलं होतं.

घरी आणून जेवढा सुटला तेवढा सोडवला. आता अडलंय ते असं.

मुठीच्या पुढे जे पितळी चाक असतं, पातं खालीवर करायचं, ते जागचं हलत नाही. पकडीने जोर लावला. पितळेच्या कडेवर दातांचे वळ उठले तशी घाबरून थांबले.

दुसरं, डाव्या बाजूच्या उभ्या भिंतीवर, मागच्या टोकापासून साधारण तीन बोटांवर, एक बारीक काळी रेघ आहे. इंचभर असेल. नख अडकल्यासारखं वाटतं, पण खात्री नाही. ओरखडा की भेग, हे कसं ओळखायचं? भेग असेल तर रंधा टाकून द्यायचा का?

तिसरं म्हणजे गंज. इथे माझा आधीचा अनुभव वाईट आहे. मागच्या वर्षी एक पटाशी घेतली होती, ती बाथरूम साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी काढली तर गंज गेला होता, पण पोलादही खरवडल्यासारखं खड्डे खड्डे झालं होतं. आणि बादली ठेवली होती त्या गॅलरीतली खिडकीची कडी, सायकलची साखळी, कपड्यांची तार, सगळ्यावर एका रात्रीत तांबूस थर चढला. ती पटाशी परत धार धरेना. तेच या रंध्याचं करायचं नाही.

शिवाय मागच्या लाकडी मुठीचं वरचं शिंग तुटलंय, त्यामुळे अंगठ्याच्या बेचक्यात टोचतं.

मला हा रंधा शोकेसमध्ये ठेवायचा नाही, चकचकीत नसला तरी चालेल. दार तासता आलं पाहिजे, आणि मृगाच्या आत. माझ्याकडे एक पाना, दोन स्क्रूड्रायव्हर, दुधारी दगड आणि स्वयंपाकघराचा ओटा एवढीच सामग्री आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

निवृत्त फिटर:

ताई, पकड आधी लांब ठेवा.

या रंध्यांच्या त्या चाकाचे आटे डावे असतात. सगळे जण सवयीने उलटं फिरवतात आणि ते आणखी आवळत जातं. चाकाकडे तोंड करून, म्हणजे रंधा वापरताना तुम्ही जिथे उभ्या राहाल तिथून बघून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा. तसंच सुटेल. त्याआधी डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्मं मिसळून आट्यांच्या मुळाशी चार थेंब सोडा आणि दोन रात्री जाऊ द्या. रोज एकदा थेंब घाला. मग केस वाळवायच्या मशिनने चाक गरम करा, पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं, तेवढ्याने पकड सैल पडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चाकाभोवती गुंडाळून हातानेच फिरवा. पुढे किंचित, मागे किंचित. एकदम जोर नाही.

भेग बघायची आमच्या वर्कशॉपमधली रीत सांगतो. जागा स्वच्छ पुसा. पातळ तेल लावा, पूर्वी रॉकेल वापरायचो, आता डिझेल लावा. पंधरा मिनिटं मुरू द्या. मग फडक्याने पूर्ण कोरडं करा आणि वर खडूची पूड भुरभुरा. भेग असेल तर आत मुरलेलं तेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. ओरखडा असेल तर पूड कोरडीच राहते. दुसरी परीक्षा आवाजाची. सगळे भाग काढून नुसतं अंग दोरीला टांगा, लाकडाच्या तुकड्याने हलकं टोका. सलग बीड घंटेसारखं वाजतं, भेगाळलेलं बद्द वाजतं. बाजारात घेतानाही हे करता येतं, विक्रेते हरकत घेत नाहीत.

भेग निघालीच तरी घाबरू नका. ती कुठे आहे त्यावर सगळं आहे. पातं बाहेर येतं त्या फटीपाशी असेल तर रंधा गेला, कारण तिथेच ताण येतो. मागच्या टोकाला भिंतीवर इंचभर असेल तर तसाच वापरा. वेल्डिंगवाल्याकडे अजिबात नेऊ नका. बीड एका जागी तापलं की शेजारी तडकतं, आणि तळ वाकडा होतो तो वेगळाच. फक्त तो हातातून पडू देऊ नका. बिडाला पडणं सोसत नाही.

शिसवी:

मी जुनं फर्निचर दुरुस्त करते, ठाकुरद्वारला. गंज आणि मूठ माझ्याकडे घ्या.

बाथरूमचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. त्याची वाफच आसपासचं लोखंड खाते, तुमची सायकलची साखळी तशी गेली. त्याऐवजी किराणावाल्याकडचं लिंबूफूल आणा, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या टबात. फक्त लोखंडी भाग त्यात घाला. पितळी चाक आणि पितळी नट बाहेर ठेवा, नाहीतर पितळ गुलाबी पडतं. तासातासाने काढून जुन्या टूथब्रशने घासा. चार तासांत पुष्कळ काम होतं. रात्रभर ठेवून झोपू नका, चूक तिथेच होते. बाहेर काढल्यावर बिडावर काळपट राख दिसेल, ती घाबरण्यासारखी नाही, घासली की जाते. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा म्हणजे आम्ल मरेल. लगेच पुसा, गरम हवेने वाळवा आणि ओलसरपणा जाताक्षणी शिलाई मशिनचं तेल लावा. मुंबईच्या हवेत अर्धा तास जरी उघडं राहिलं तरी डोळ्यांदेखत तांबूस होतं.

आतला काळा रंग मूळचा आहे. सुटलेला असेल तो जाऊ दे, धरलेला खरवडू नका.

मुठीसाठी नवा तुकडा शोधताना शिसवाच्या मोडक्या पलंगाचा किंवा खुर्चीचा पाय बघा, गिरगावात खोल्या रिकाम्या होतात तेव्हा असले तुकडे रस्त्यावर येतात. तुटलेली जागा कानशीने सपाट करा. शिंग आधी कोरू नका, ओबडधोबड तुकडा अराल्डाइटने चिकटवा, एक दिवस जाऊ द्या, आणि मग मुठीच्या वळणाला धरून कानशीने उतरवा. आधी कोरून चिकटवलं की वळण कधीच जुळत नाही. माझ्या दोन मुठी अशा फुकट गेल्यात.

धारेसाठी ओटा ग्रॅनाइटचा असेल तर तोच वापरा. वॉटर पेपर पाण्याने त्यावर चिकटतो. १२०, २२०, ४००, १०००. पात्याची सपाट बाजू पूर्ण घासायची गरज नाही, धारेलगतचा बोटभर पट्टा आरशासारखा झाला की पुरे. त्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर मात्र ते जाईपर्यंत घासावं लागतं, कारण खड्डा धारेपर्यंत पोचला की धारेला तिथे दात पडतो. उतार २५ अंशांचा ठेवा. पलीकडच्या बाजूला बोटाला खरखरीत बर (धातूची बारीक कोर) लागली की त्या कागदाचं काम झालं. ग्राइंडरवर नेऊ नका. पोलाद निळं पडलं की पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं समजा, मग कितीही धार लावा, टिकत नाही.

तळ घासताना एक गोष्ट महत्त्वाची. पातं आत ओढून, पण सगळा रंधा जोडून, पातं दाबून धरणारा वरचा खटका आवळून मग घासा. आवळल्यावर अंग किंचित ताणलं जातं, सुटा घासलेला तळ जोडल्यावर तसा राहत नाही. तळावर पेन्सिलीने आडव्या रेघा मारा. पुढचं टोक, फटीच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक, इथल्या रेघा पुसल्या की थांबा. मधे कुठे रेघ राहिली तरी चालते.

निवृत्त फिटर:

पाणी उतरल्याचं बरोबर सांगितलंत. ताई, ते निळं पडलेलं पातं बाजारात ओळखायला शिका. वर पॉलिश मारून देतात.

काळाचौकी:

दोघांचेही मनापासून आभार. काका, चाक सुटलं! तिसऱ्या दिवशी, ट्यूब गुंडाळून, घड्याळाच्या दिशेने. ‘कट्’ असा बारीक आवाज झाला आणि मग लोण्यासारखं फिरलं. मी चार दिवस ते आवळत बसले होते.

खडूची परीक्षा केली. ओली रेघ उमटली, केसासारखी, बरोबर एक इंच. टांगून वाजवलं तर घंटाही नाही आणि पूर्ण बद्दही नाही. पण फटीपासून लांब आहे, म्हणून तुम्ही म्हणालात तसं ठेवते.

लिंबूफुलाच्या पाण्यात साडेतीन तास ठेवला. अंग करड्या रंगाचं निघालं, आणि त्या करड्यात मागच्या टोकाला ठोकलेली दोन अक्षरं वर आली, गंजाखाली दिसतच नव्हती. आधीच्या मालकाने आपल्या हाताने पंचने ठोकलेली, एक सरळ, एक कलती. तिथे पेपर मारणार नाही.

एक नवीन अडचण. मुठीचा लांब स्क्रू झिजलाय, घट्ट होत नाही. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात तीन दुकानांत विचारलं, बाजारातला एकही बोल्ट त्यात जात नाही.

निवृत्त फिटर:

जाणार नाही. ते आटे कंपनीचे स्वतःचे आहेत, आजच्या मिलिमीटरच्या मापात बसत नाहीत. जबरदस्तीने घातलात तर बिडातले आटे जातील आणि ते परत होत नाहीत. बहुतेक वेळा स्क्रू झिजलेला नसतो, लाकूड आटून मूठ आखूड झालेली असते, त्यामुळे वरचा नट बुडाला टेकतो. मूठ बसते तिथे खाली चामड्याची पातळ चकती घाला, जुन्या चपलेचं चालेल. त्याने आवळलं नाही तर पुढच्या शुक्रवारी त्याच बाजारात तुटका रंधा शोधा, निव्वळ स्क्रूसाठी. मोडक्या अंगाला लोखंडाच्या भावात देतात.

शिसवी:

आणि दाराबद्दल राहिलंच. कड तासण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा, एका खिळ्याने इतक्या मेहनतीची धार जाईल. दुसरं अधिक महत्त्वाचं. चाळीच्या वयाच्या दारावर ऑइल पेंटचे किती थर असतील सांगता येत नाही, आणि जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारू नका, धूळ उडते. रंध्याने काढलेल्या सालींची धूळ कमी. खाली वर्तमानपत्र पसरा, मास्क लावा, आईला तेवढा वेळ शेजारी बसवा, साली गुंडाळून टाका आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा.

मे महिन्यात दार कोरडं असतं, तेव्हा अंदाजाने जास्त तासाल आणि डिसेंबरात फट दिसेल. मागच्या पावसात जिथे घासायचं तिथे चौकटीवर रंग गेला असेल, ती खूण बघा आणि फक्त तेवढंच काढा. तासून झालं की दार उतरवा आणि वरची-खालची कड बघा. तिथे बहुतेकदा रंग लावलेलाच नसतो आणि पाणी तिथूनच पितं. तासलेली कड आणि या दोन्ही कडा, सगळीकडे प्रायमर आणि दोन हात रंग.

काळाचौकी:

चामडं बसलं, मूठ हलत नाही. काल खिडकीच्या जुन्या फळीवर चालवून पाहिला. पहिले चार फटके नुसता भुसा निघाला, मग चाक पाव फेरा मागे घेतलं आणि सलग साल आली, वर्तमानपत्राइतकी पातळ, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

खालच्या कडेला हात घालून पाहिला. खरंच रंग नाही, लाकूड उघडं आहे. रविवारी शेजारचे दोघे दार उतरवायला येतायत. रंध्याला तेल लावून, सुती कपड्यात गुंडाळून, कापराच्या दोन वड्यांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलाय.