चार माणसांत बसूनही मन लागत नसेल, तर घरच्यांना सांगावं का?

धागाकर्ती: रविवारी नागपुरात, महाल भागात काकांकडे सगळे जमलो होतो. पुडाच्या वड्यांचा बेत. पारी लाटायला मी, सारण भरायला दोघी वहिनी. सांबाराचा (म्हणजे कोथिंबिरीचा) नि खसखशीचा वास, काकूंचा हसता हसता लागणारा ठसका, सगळं हाताशी होतं. मनाला मात्र काहीच शिवत नव्हतं. हसायच्या जागी हसले. दोन-तीन महिने असंच चाललंय. माझं मत, हे घरच्यांना सरळ सांगावं. आपलीच माणसं आहेत, त्यांच्यापुढे किती दिवस खोटं हसायचं?

महालकर: ताई, मला नाही पटत. सांगितलं की उद्या गल्लीभर, "काहून गं, सासरी काही झालं का?" त्यापेक्षा कामात हात घाला, माणसांत मिसळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, त्या गर्दीत उभं राहून "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडलं, की माझी तर छाती मोकळी होते.

बर्डीवाली: भाऊ, हात कामातच होते की तिचे! पारी कोण लाटत होतं? आणि माणसंही घरभर होती. एकटं असणं वेगळं, एकटं वाटणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवालही हा फरक करतो. जगात दर ६ माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, असं त्यात आहे. ताई, दोन आठवड्यांच्या वर कशातच रस वाटत नसेल तर डॉक्टरांना दाखवायला हवं. तुम्हाला तर महिने झाले. १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मोफत आहे, मराठीत बोलतात.

महालकर: डॉक्टरांना माझी ना नाही. सगळ्यांना सांगण्याला आहे. मी एकदा सांगून बसलो. अजूनही पंगतीत मी बसलो की बायका आवाज खाली आणतात. आधी नुसतं परकं वाटायचं, मग खरंच परका झालो. सांगायचंच तर एकाच माणसाला सांगा, पण माणूस पारखून.

बर्डीवाली: हे मात्र पटलं.

धागाकर्ती: भाऊ, तुमचं वाचून पोटात कालवलं. निघताना डबा भरून देत काकू हळूच म्हणाल्या होत्या, "आज तुझ्या साऱ्या वड्या फुटल्या गं. बरं आहे ना?" मी म्हटलं, तेल नीट तापलं नव्हतं. डबा अजून माझ्याकडेच आहे. उद्या दुपारी द्यायला जाते, त्या वेळी काकू एकट्याच असतात.